मेंटलचा गाळा

आटपाट नगर म्हटलं की तुम्हाला लांबचं काहीतरी वाटतं. हे नगर लांबचं नाही, आपलं ठाणंच. ठाण्यात पूर्वेला कोपरी, कोपरीत जुन्या गावठाणातलं एक घर, आणि त्या घरात तीन माणसं राहत होती. कमळाबाई, त्यांचा मुलगा रघु आणि सून कल्पिता. चौथं माणूस यायचं होतं आणि येत नव्हतं.

दोनदा कल्पिताला दिवस गेले, दोनदा हात रिकामे राहिले. पहिल्या वेळी रघु धाय मोकलून रडलेला. दुसऱ्या वेळी रडला नाही. दवाखान्यातून आला, पाय धुतले, ताटावर बसला, आणि आमटीत मीठच नव्हतं हे त्याला कळलं नाही. तेव्हापासून त्याला काही कळेनासंच झालं. चटका बसला तरी हात सावकाश काढायचा. मिठागरं केव्हाच गेलेली, शेतावर टॉवर उभे राहिलेले, चार खोल्या भाड्याने दिलेल्या. हा आपला दिवसभर भिंतीकडे बघत बसायचा.

शेवटी कल्पितानेच त्याला बाहेर काढलं. "अहो, कुठेतरी कामाला लागा. बघून बघून भिंतीला भोक पाडाल."

काम लागलं वागळे इस्टेटमध्ये. आणि त्याच सुमारास कल्पिताला पुन्हा दिवस गेले.

तर ही गोष्ट त्या कामातल्या एका रात्रीची. साल दोन हजार तेवीस, पौषातली अमावास्या, शनिवार. त्या रात्री रघूला एक बटण दाबायला पाठवलेलं. एवढंच. आत जायचं, बटण दाबायचं, बाहेर यायचं. पण ते बटण कुठे होतं ते आधी ऐका.

गॅसबत्ती तुम्ही पोरांनी बघितली नसेल. वरातीत बाया डोक्यावर घेऊन चालायच्या, ती. तिच्या पोटात लसणीच्या गड्ड्याएवढी एक जाळीची पिशवी असायची. तिला मेंटल म्हणायचे. हसू नका, तेच नाव तिचं. ती जाळी थोरियमच्या पाण्यात बुडवून सुकवायची, मग पेटली की दुधासारखा उजेड पडायचा. अशा जाळ्या बनवणारा एक गाळा वागळे इस्टेटमध्ये कित्येक वर्षं बंद पडून होता. नव्या मालकाला तिथे दुसरं काही बांधायचं होतं. आधी तपासणीवाले आले, त्यांनी हातातलं यंत्र फरशीवर धरलं, तर ते टिकटिक करायला लागलं. भिंतीवर धरलं, टिकटिक. पत्र्याखालच्या जळमटांवर धरलं, तिथेही टिकटिक.

थोरियमची धूळ होती ती. किरणं सोडणारी. अंगावर बसली तर धुऊन निघते. पण श्वासाबरोबर छातीत गेली की तिथेच घर करते आणि माणूस जिवंत असेपर्यंत आतून किरणं सोडत राहते. वास नाही, चव नाही. खोकलासुद्धा लगेच येत नाही. येतो तेव्हा उशीर झालेला असतो.

ती धूळ साफ करायच्या कामावरच रघु लागलेला. त्यासाठी तो सगळा गाळा आतून जाड प्लास्टिकने लपेटलेला. हवा ओढून गाळणारं एक मोठं मशीन आत रात्रंदिवस चालू. आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला पांढरा सूट आणि मास्क. कोरोनातलं फडकं नव्हे हो. कपाळापासून हनुवटीखालपर्यंत अख्खं तोंड झाकणारा, पुढे काच, दोन्ही गालांवर गाळणीचे डबे, आणि कडेने मऊ रबराचा काठ. तो काठ कातडीला घट्ट बसला पाहिजे. मध्ये केसभर फट राहिली, तर मास्क घातला काय आणि नाही घातला काय.

केसभर म्हणजे खरोखर केसभर. आणि रघूने दाढी वाढवलेली.

बायको पोटुशी असली की नवऱ्याने वस्तरा लावायचा नाही, हे कमळाबाईंच्या घरात पिढ्यांपासूनचं. मागच्या खेपेला मावसभावाच्या हळदीला रघु गुळगुळीत दाढी करून गेला, आणि चार दिवसांत कल्पिताला दवाखान्यात न्यावं लागलं. कमळाबाई कोणाला काही बोलल्या नाहीत. पण या खेपेला त्यांनी दाढीचं सगळं सामान उचलून माळ्यावर टाकलं. रघूनेही विचारलं नाही. दाढी वाढत गेली. कल्पिता म्हणायची, "अहो बुवा, आज प्रवचन कोणत्या विषयावर?" तो थोड्या वेळाने हसायचा.

गाळ्यावर कोणी आत जायचं हे ऋजुता मॅडम ठरवायच्या. डोंबिवलीहून यायच्या, रघूच्याच वयाच्या. त्यांचं काम एकच, माणसांचा श्वास सांभाळणं. रोज सकाळी एकेकाला उभं करायच्या. मास्क घाल. दोन्ही डब्यांवर तळवे दाब. आता श्वास ओढ. मास्क गालांना चिकटला तर पास. मग डोक्यावर एक टोपडं चढवून त्यात कडू फवारा मारायच्या. कडू लागलं, तर मास्क गळतोय. पोरं थुंकायची, तोंडं वेडीवाकडी करायची, एकमेकांना चिडवायची.

रघूवर फवारा मारला. रघु नुसता उभा.

"रघुदादा, कडू लागतंय?"

"लागतंय."

"अहो, मग सांगायचं ना! किती वेळ गिळताय?"

"आजकाल सगळंच असं लागतं मॅडम."

मॅडमना हसू येणार होतं, ते आलं नाही. त्यांनी त्याच्या तोंडावरचं टोपडं काढलं. "दाढी काढा. त्याशिवाय मी तुम्हाला आत सोडणार नाही."

"घरी बाळ यायचंय. आमच्यात चालत नाही."

"बाळ यायचंय म्हणूनच सांगते. जी धूळ तुमच्या छातीत जाणार नाही ती ह्या दाढीत बसेल. दाढी घेऊन तुम्ही घरी जाणार. त्याच खोलीत झोपणार."

मॅडमनी त्याला फाटकावर बसवलं. आत जायचं नाही, बाहेरूनच राखण करायची.

घरी त्याने विषय काढला. कमळाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "तुझी मॅडम शिकलेली हाय. मी नाय. पन दोनदा मी कपडे शिवून ठेवले, रघ्या, आन दोनदा उसवले."

झालं. एकीकडे आई सांगते, दाढी गेली तर मूल जाईल. दुसरीकडे मॅडम सांगते, दाढी राहिली तर मूल जाईल. रघूने कल्पिताकडे बघितलं. ती म्हणाली, "माझ्याकडे नका बघू. मी दोघींना घाबरते." आणि कूस बदलून झोपली. झोपली नव्हती. पाठ हलत होती तिची.

आता ती अमावास्या.

थंडी पडलेली. रघु फाटकावर खुर्ची टाकून बसलेला. शेजारच्या गाळ्यात रात्रपाळीच्या बायका बिस्किटांचे पुडे भरत होत्या, त्यांचा रेडिओ ऐकू येत होता. आतल्या मशीनची घरघर रोजच्यासारखी चालू. ती घरघर इतकी अंगवळणी पडलेली की ती थांबली, तेव्हा रघूला आधी वाटलं आपले कानच बंद झाले.

त्याने मॅडमना फोन लावला. उचलला नाही. मग मुकादमाला लावला. मुकादम भगवान कल्याणहून यायला निघालेला, शीळफाट्याला ट्रकच्या रांगेत अडकलेला.

"अरे रघ्या, ते मशीन थांबलं तर आतली धूळ फटीफटीतून बाहेर येईल. बाजूला बायका आहेत ना कामाला? मला इथून हलायला तास-दीड तास लागेल. जा तू. लाल बटण आहे, दाब आणि ये."

"मला आत सोडत नाहीत. दाढी आहे."

"खोबरेल चोपड दाढीला. भरपूर. मास्क बसतो तेलावर. आम्ही किती वेळा केलंय. दोन मिनिटांचं काम रे, तिकडे काय मुक्काम करायचाय?"

रघूने पलीकडे बघितलं. खिडकीत एक बाई पुडे मोजता मोजता जांभई देत होती. त्याने फोन खिशात टाकला. भीती वाटायला हवी होती. वाटली नाही.

तेल चोपडलं. सूट चढवला. मास्क घातला, पट्ट्या आवळल्या, डब्यांवर तळवे दाबून श्वास ओढला. मास्क गालाला चिकटला. पास. त्याने प्लास्टिकचा पडदा बाजूला केला. मग दुसरा पडदा. मग आत.

आत नुसता अंधार. हातातल्या बॅटरीचा उजेड, आणि त्या उजेडात धूळ तरंगत होती. मशीन थांबल्यामुळे कुठे ओढली जात नव्हती, आणि खालीही बसत नव्हती. तशीच उभी हवेत.

मास्कमध्ये आपलाच श्वास आपल्याला ऐकू येतो. आत घेताना फस्स. सोडताना पुढची झडप वाजते, टप्. फस्स... टप्. फस्स... टप्. रघु चालत राहिला. मशीन पार मागच्या भिंतीला.

अर्ध्यावर आला आणि त्याला मशेरीचा वास आला.

भाजलेल्या तंबाखूची मशेरी. जुन्या बाया सकाळी दातांना लावायच्या, ती. वास ओळखीचा होता, म्हणून पहिल्यांदा त्याला काहीच वाटलं नाही. मग आठवलं. मास्क नीट बसलेला असला की बाहेरची धूळ आत येत नाही, आणि ही गाळणी असली की वाससुद्धा येत नाही. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं. वास आला, तर समजायचं फट आहे.

अंगाच्या उबेने तेल पातळ झालं होतं. मास्क हनुवटीवरून सरकत होता. आणि दाढीच्या प्रत्येक केसाच्या बाजूने...

त्याने श्वास रोखला.

फस्स...

त्याचा नव्हता.

टप् वाजलं नाही. झडप नव्हती त्या श्वासाला. नुसता आत ओढलेला, कापडातून ओढल्यासारखा. फस्स... आणि मग खोकला. कोरडा. खोल. थांबला. पुन्हा.

रघूने बॅटरी फिरवली.

भिंतीशी एक बाई बसलेली. एक पाय मुडपून, एक पुढे पसरून, भाजीवाली बसते तशी. समोर काही नव्हतं. पण हात चालू होते. बुडवायची... पिळायची... टांगायची. बुडवायची... पिळायची... नाकातोंडावर पदर घट्ट बांधलेला. बाकी काही नाही. त्या काळी एवढंच होतं बायांना. पदर.

हात थांबले.

"कोनाचा तू?"

रघूने बॅटरी तिच्यावरच धरून ठेवली.

"कमलीचा कं?"

त्याने मान हलवली. हो म्हणून. का हलवली, कशी हलवली, त्यालाच माहीत नाही.

ती उठली. कशी उठली ते दिसलं नाही. बसलेली होती, मग समोर उभी होती.

"तोंडाला कं लावलंस? तेल?" ती हसली असावी. पदर हलला. "धूल कं तेलान थांबते, बाला?"

रघूला पळायचं होतं. रोखलेल्या श्वासाने छाती फुटायला आली. श्वास घ्यायलाच हवा होता आणि घ्यायचा नव्हता.

तिने तोंडावरचा पदर सोडला.

त्याने वर बघितलं नाही.

पदराचं टोक तिने कशात तरी बुडवलं. तिथे काही नव्हतं, तरी पाणी निथळल्याचा आवाज झाला. टोक पिळलं. आणि शाळेतून आलेल्या पोराचं तोंड पुसावं तसं ती त्याचं तोंड पुसायला लागली. मास्क तोंडावरच होता. पट्ट्या तशाच आवळलेल्या. तरी तो ओला पदर काठाच्या खालून फिरला. कानशिलापासून... गालावरून... हनुवटीखालून... दुसऱ्या गालावर. गार. इतका गार की जिथून गेला तिथलं सगळं मेलं.

मग तिने आपले दोन्ही तळवे डब्यांवर ठेवले.

आणि दाबले.

श्वास बंद. पूर्ण बंद. रघूने ओढला, आला नाही. पुन्हा ओढला. नाही. मास्क गालांवर दाबत गेला... हाडांवर दाबत गेला... डोळ्यांपुढे काजवे... कल्पिताची ती हलणारी पाठ...

तळवे निघाले.

श्वास आला. भरून आला.

वास गेला होता.

"जा," अंधारातून आवाज आला. "बटन दाब. त्या बाया हायत बाजूला."

रघूने बटण दाबलं. मशीन घरघरायला लागलं. हवेत उभी राहिलेली धूळ हळूहळू एका बाजूला वाहायला लागली.

तो बाहेर आला तो शिकवल्याप्रमाणेच आला. सूट आतून बाहेर उलटा करत काढला, हात धुतले, मास्क सगळ्यात शेवटी. आणि फाटकावरच्या खुर्चीत जाऊन बसला. मुकादम आला, काय काय बोलला. रघूने ऐकलं नाही.

मिस्ड कॉल बघून मॅडम पहाटेच डोंबिवलीहून निघालेल्या. आल्या त्या मुकादमावरच कडाडल्या. "तेल? तेल लावायला सांगितलंत तुम्ही? दोन मिनिटांत ओघळतं ते! ह्यांनी जो श्वास घेतला असेल तो सगळा दाढीतून गाळून—" आणि त्या रघूकडे वळल्या.

"दाढी कधी केलीत?"

"नाही केली."

"मग हे काय?"

त्यांनी फोनचा कॅमेरा उलटा करून त्याच्यासमोर धरला. दाढी होती. पण तिच्यातून बोटभर रुंदीची एक पट्टी गेलेली. कानशिलापासून हनुवटीखालून दुसऱ्या कानशिलापर्यंत. बरोबर मास्कचा काठ बसतो तिथे. कापलेलं नाही, खुंट नाही, ओरखडा नाही. तळहातासारखी कातडी. मॅडमनी मास्क पुन्हा बसवून बघितला. रबराचा काठ त्या पट्टीवर असा बसला की मध्ये केस राहिला नाही.

मग त्यांनी यंत्र धरलं. सुटावर टिकटिक. मास्कच्या बाहेरून टिकटिक. आतून काही नाही. दाढीवर काही नाही. नाकात कापूस फिरवून तपासायला पाठवला, तोही स्वच्छ आला. पुढे सहा महिने तपासण्या चालल्या. छातीत काही सापडलं नाही. आणि आदल्या दिवसापासून त्या प्लास्टिकच्या आत दुसरं कोणी गेलेलं नव्हतं. मॅडमनी स्वतः फरशी बघितली. केस पडलेले नव्हते. एकही नाही.

रघु घरी गेला. कमळाबाईंनी दार उघडलं, त्याचं तोंड बघितलं आणि पांढऱ्या पडल्या. "रघ्या, वस्तरा लावलास?"

"नाही आये. एका बाईने पुसलं."

त्याने सगळं सांगितलं. सांगताना आवाज चढला नाही, उतरला नाही, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसं सांगितलं. मशेरीचा वास म्हणाला तेव्हा कमळाबाई खाली बसल्या. कमलीचा का म्हणून विचारलं, म्हणाला, तेव्हा त्यांनी डोळे मिटले. त्यांना कमळी म्हणणारी आळीत पुष्कळ होती. पण ळ चा ल करून, लहान बहिणीला हाक मारावी तसं 'कमली' म्हणणारी एकच होती. सदा मशेरी लावणारी ठमाबाई.

लग्न झाल्यावर दोघी एकत्र जायच्या त्याच गाळ्यात मेंटलच्या कामाला. रघु पोटात होता तेव्हा कमळाबाईंनी काम सोडलं. सोडायला ठमाबाईनेच लावलेलं. "तू जा घरी," म्हणालेली, "यो भुगा पोराला नको." स्वतः राहिली. तिला घरी कोणी नव्हतं, मूलबाळ नव्हतं. मग खोकला लागला. गेली तेव्हा रघु रांगत होता.

कमळाबाईंनी हात पुढे करून ती पट्टी चाचपली. बराच वेळ. मग पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "तिनं काढली, तू नाय काढलीस. उरलेली राहू दे. पोर होऊ दे." बस्स. त्यानंतर त्या घरात दाढीवरून कोणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिलाईची सुई काढली आणि पुन्हा अंगडी शिवायला घेतली.

अक्षय्य तृतीयेच्या सकाळी कल्पिताला मुलगी झाली. पूर्ण दिवसांची, गुटगुटीत. आणि काय ती छाती! पहिला टाहो असा फोडला की बाहेर बाकड्यावर बसलेला रघु दचकून उभा राहिला, आणि तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, पहिल्या वेळी रडला होता तसा रडायला लागला. नर्स म्हणाली, "अहो, मुलगी झालीय, रडताय काय?" कल्पिता आतून म्हणाली, "रडू दे त्यांना. उधारी आहे जुनी."

बारशाच्या दिवशी न्हावी घरी बोलावला. त्याने सगळी दाढी उतरवली. पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली. तेवढी पट्टी मात्र तशीच कोरी. आजही कोरी आहे. डॉक्टरांना दाखवली, त्यांनी मलम दिलं, मग दुसरं मलम दिलं, मग म्हणाले राहू दे. तिथे टाचणी टोचली तर रघूला कळत नाही.

पोरगी आता धावते, बोलते, आजीच्या पानाच्या डब्याला हात घालते. गाळाही राहिला नाही, तिथे नवी बिल्डिंग उभी आहे. पण रघु कोपरीतच आहे, कधीही जाऊन बघा. भर वैशाखात, पंखा बंद पडलेला असतो, अंगातून घामाच्या धारा वाहत असतात, तेव्हासुद्धा ती पट्टी नुकती ओल्या फडक्याने पुसल्यासारखी गार असते. पोरीला ताप आला की ती औषध घेत नाही, आईकडे जात नाही. बापाच्या मांडीवर चढते, तापलेला गाल त्या पट्टीला लावते... आणि झोपते.